फुलाचा दाणा होतो तेव्हा



व्याख्यानमालेतील प्रत्येक भाषणाला आपण 'पुष्प' म्हणतो. वक्ता पुष्प गुंफतो, श्रोते त्याचा आस्वाद घेतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तसे छापूनही येते. आज मी जे पुष्प गुंफणार आहे ते खरोखरीच्या पुष्पाबद्दल आहे. मात्र फुलाचा रंग, त्याचा गंध, त्याचे लावण्य यांविषयी कवींनी पुष्कळ सांगून ठेवले आहे. त्यांच्या प्रांतात शिरण्याचे धाडस मी करणार नाही. हा रंग आणि हा गंध ज्या कामासाठी आहे, त्या कामाबद्दल मला बोलावयाचे आहे. ते काम म्हणजे फुलातील गर्भधारणा. वनस्पतिशास्त्रात तिला फलन म्हणतात.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या शिवेवरून भीमा वाहते. अलीकडे घोडनदीच्या बाजूला बाजरी, ज्वारी, हरभरा, कांदा. पलीकडे दौंडच्या पाटपाण्याखाली ऊस आणि कोरड्या अंगाला अंजीर. येथे बसलेल्या बहुतेकांचा या पिकांशी पिढ्यान्पिढ्यांचा संबंध आहे. नांगरट, पाळी, पेरणी, खुरपणी, पाणी, खत या प्रत्येक गोष्टीचा हिशोब आपल्याला तोंडपाठ असतो. पुढे काढणी, मळणी, बाजारभाव यांचाही असतो. परंतु या दोहोंच्या मध्ये चार-आठ दिवसांचा एक काळ असा येतो की त्या वेळी शेतकरी बांधावर नुसता उभा असतो आणि शेतात दुसरेच कोणी राबत असते. पीक फुलोऱ्यात असते तो हा काळ. तेवढ्या दिवसांत काम झाले तर दाणा भरतो. बिघडले तर आधीची सगळी मेहनत चाऱ्यापुरती उरते. या दिवसांत नेमके काय घडते, ते कोण घडवते, आणि आपण त्यांच्या वाटेत कोठे येतो, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

झाडालाही नर-मादी असा भेद असतो, ही गोष्ट प्रयोगाने सिद्ध व्हायला १६९४ साल उजाडावे लागले. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे कामेरारिउस नावाचा एक वैद्य होता. त्याने एरंडाच्या झाडावरची नरफुले उमलण्याआधीच खुडून टाकली, तेव्हा त्या झाडावर एरंड्या धरल्याच नाहीत. मक्याच्या कणसाचे केस त्याने कापून टाकले, तेव्हा कणसात दाणे भरले नाहीत. प्रयोग इतके साधे की आपल्यापैकी कोणालाही परसात करता येतील. त्यांवरून त्याने सांगितले की फुलातील पिवळी भुकटी हा केर नव्हे. तो नराचा अंश आहे, आणि तो मादीच्या अंगापर्यंत पोचल्यावाचून बीज तयार होत नाही.

या पिवळ्या भुकटीला आपण पराग म्हणतो. पराग ज्या तंतूंच्या टोकाला पिशव्यांत भरलेला असतो ते पुंकेसर. फुलाच्या मध्यभागी स्त्रीकेसर असतो. त्याच्या टोकाचा किंचित ओलसर भाग म्हणजे कुक्षी, तिच्याखाली दांडी, आणि दांडीच्या तळाशी अंडाशय. अंडाशयात बीजांडे असतात. फुलाच्या अंडाशयाचे पुढे फळ होते आणि बीजांडाचे बी होते. एवढी चार-पाच नावे लक्षात ठेवली म्हणजे पुढची कथा समजायला अडचण नाही.

या कथेचे दोन भाग आहेत. पहिला बाहेरचा प्रवास: पुंकेसरापासून कुक्षीपर्यंत. दुसरा आतला प्रवास: कुक्षीपासून बीजांडापर्यंत. बाहेरच्या प्रवासाला मध्यस्थ लागतो, कारण झाडाला पाय नाहीत.

शिरूरच्या माळावर सर्वांत जुनी ओळख बाजरीची, म्हणून प्रथम तिच्याकडे जाऊ. बाजरी निसवली की कणसावर आधी पांढरट, बारीक पिसांसारखे तंतू दिसू लागतात. त्या कुक्षी. वरून सुरुवात होऊन दोन-तीन दिवसांत त्या खालपर्यंत बाहेर येतात. त्या वेळी त्याच कणसाचा पराग अजून तयार झालेला नसतो. पुंकेसर एक-दोन दिवस मागून लोंबू लागतात आणि मग कणसावर फुलोरा दिसतो. याचा अर्थ असा, की एखाद्या कणसाच्या कुक्षी वाट पाहत असतात तेव्हा पराग यायचा तो शेजारच्या ताटावरून. भाऊबंदकीत सोयरीक होऊ नये म्हणून आपण गोत्र पाहतो. बाजरीने तीच व्यवस्था दिवसांचे अंतर ठेवून केली आहे.

येथे मध्यस्थ वारा. वाऱ्याला ना रंग दिसतो, ना वास कळतो. म्हणून बाजरीच्या फुलाला पाकळ्या नाहीत, सुगंध नाही, मध नाही. त्याऐवजी आहे ती उधळपट्टी. वारा पत्ता विचारून टपाल पोचवीत नाही, म्हणून पराग अमाप तयार करावा लागतो, आणि उडता पराग झेलता यावा म्हणून कुक्षी पिसासारखी फुललेली असावी लागते.

अशा व्यवस्थेत धोका कशाचा, हे आपले शेतकरी जाणतातच. बाजरी फुलोऱ्यात असताना झड लागली की दाणे विरळ भरतात. पराग ओला झाला की उडत नाही. जो उडालेला असतो तो धुऊन जातो. त्यातच दुसरे संकट येते. अरगट या बुरशीचे बीज परागासारखेच कुक्षीवर उतरते आणि पराग ज्या मार्गाने आत जावयाचा त्याच मार्गाने आत शिरते. कणसावर मधासारखा चिकट स्राव दिसू लागतो आणि दाण्याच्या जागी काळसर विषारी गाठ तयार होते. परंतु ज्या कुक्षीवर पराग आधी पोचला ती लवकरच सुकून जाते आणि बुरशीला दार बंद होते. म्हणजे वेळेवर झालेले परागीभवन हे बाजरीचे एक संरक्षणही आहे.

आता आतला प्रवास. पराग कुक्षीवर पडला, पुढे काय? पुष्कळ काळपर्यंत विद्वानांना वाटे की परागाचा काही सूक्ष्म वास किंवा रस आत झिरपत असावा. १८२४ साली आमिची या इटालियन शास्त्रज्ञाने स्वतः तयार केलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली एक कुक्षी ठेवली आणि तिच्यावरच्या परागकणातून एक बारीक नळी बाहेर पडून वाढताना त्याला दिसली. ही कुक्षी कोणत्या दुर्मिळ झाडाची होती असे आपल्याला वाटते? घोळीची! आपल्या रानात ठायी ठायी पसरणारी, खुरपताना उपटली जाणारी आणि भाजीला घरी येणारी घोळ. जगाला परागनलिका प्रथम दाखवली ती या भाजीने.

ही नळी कुक्षीतून खाली उतरते, दांडी पार करते आणि बीजांडाच्या एका बारीक छिद्राशी पोचते. हा प्रवास केवढा असतो ते मक्यावरून कळेल. मक्याच्या कणसाला जे केस असतात त्यांतला एकेक केस म्हणजे एकेका दाण्याचा स्त्रीकेसर. केसाच्या टोकाशी पडलेल्या परागकणाची नळी वीतभर लांबीच्या केसातून खाली जाते आणि साधारण एका दिवसात दाण्यापर्यंत पोचते. परागकण डोळ्यांना जेमतेम धुळीच्या कणाएवढा दिसतो, आणि त्याची नळी वीतभर! जितके केस तितके दाणे. भाजलेले कणीस खाताना मध्येच दाण्यांची जागा रिकामी दिसली तर समजावे की त्या केसापर्यंत पराग पोचला नाही, किंवा त्याची नळी वाटेतच थांबली.

या नळीला वाट कोण दाखवते? बीजांडाच्या आत एक सूक्ष्म कोश असतो, त्याला भ्रूणकोश म्हणू. त्यात एक स्त्रीबीज, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन सहायक पेशी असतात. हिगाशियामा या जपानी शास्त्रज्ञाने २००१ साली लेसर किरणाने या सहायक पेशी नष्ट करून पाहिल्या. दोन्ही गेल्या की नळ्या बीजांडाकडे वळेनाशा झाल्या. त्या पेशी एक प्रकारची प्रथिने बाहेर सोडतात आणि त्यांच्या रोखाने नळी वळते, हे २००९ साली त्याच्याच गटाने दाखवून दिले. लग्नघराच्या दाराशी दिवा लावून पाहुण्याची वाट पाहणाऱ्या करवल्याच म्हणा ना.

येथवर आलो म्हणजे कथेतला सर्वांत नवलाचा भाग येतो. परागनलिका स्वतःबरोबर एक नव्हे, दोन पुंपेशी आणते. एक स्त्रीबीजाशी मिळते आणि तिच्यातून गर्भ तयार होतो. मग दुसरीचे काय? १८९८ साली कीव्ह येथील नावाशिन या शास्त्रज्ञाने लिलीच्या जातीच्या फुलांचे सूक्ष्म छेद तपासताना पाहिले, की दुसरी पुंपेशीही वाया जात नाही. भ्रूणकोशाच्या मध्यभागी एक मोठी पेशी असते, तिच्यात दोन केंद्रके असतात. ही दुसरी पुंपेशी त्या पेशीशी मिळते. पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, फ्रान्समधील गिन्यार यानेही हेच दाखवले. एका फुलात दोन फलने! यालाच द्विफलन म्हणतात. सपुष्प वनस्पतींची ही खास मिरास आहे.

या दुसऱ्या फलनातून गर्भ होत नाही. त्यातून तयार होते गर्भाची शिदोरी. वनस्पतिशास्त्रात तिला पुष्क म्हणतात. बाजरीचाच हिशोब मांडू. बाजरीच्या स्त्रीबीजात सात गुणसूत्रे, पुंपेशीत सात. दोन्ही मिळून गर्भात चौदा. मधल्या पेशीत सात आणि सात अशी चौदा आधीच असतात, त्यांत दुसऱ्या पुंपेशीची सात मिळतात. म्हणून पुष्कात एकवीस. बाजरीच्या दाण्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग या पुष्काचा असतो. जात्यातून जे पीठ पडते ते मुख्यतः तेच.

म्हणजे आपण जी भाकरी खातो ती या दुसऱ्या फलनाची. तांदूळ, गहू, ज्वारी यांचेही तसेच. नारळ फोडल्यावर निघणारे पाणी आणि त्याच्या कडेचे खोबरे हे दोन्ही पुष्कच. एक पातळ, एक घट्ट. बाजरीच्या दाण्यातला जो लहानसा गर्भ, त्यात तेल असते, आणि ते गर्भ दाण्याच्या मानाने बराच मोठा असतो. बाजरीचे पीठ फार दिवस ठेवले तर कडू होते हे घरोघरच्या माउल्यांना कोणी शिकवावे लागत नाही. त्या कडवटपणाचे मुख्य कारण गर्भातले ते तेल. जात्यावर दोन्ही फलने एकत्र दळली जातात आणि त्यांतले पहिले आपली चव अशी कळवते.

आणि पिठले? हरभऱ्यातही दुसरे फलन होते, पुष्क तयार होते; पण घाटा पक्व होण्यापूर्वीच गर्भ ती शिदोरी संपवून टाकतो आणि सारे अन्न आपल्या दोन जाड दलांत साठवतो. डाळीच्या त्या दोन पाकळ्या म्हणजे गर्भाचीच पहिली पाने. म्हणून पिठले हे पहिल्या फलनाचे आणि भाकरी दुसऱ्या फलनाची. शेताच्या बांधावर बसून आपण पिठले-भाकरी खातो तेव्हा नावाशिनचा शोधच पुढ्यात वाढलेला असतो.

हे सगळे सूक्ष्मदर्शकाखालचे, आम्हाला याचा पडताळा कसा यावा, असे कोणी विचारील. पडताळा मक्यात आहे. पांढऱ्या मक्याच्या शेजारी पिवळा मका लावला तर त्याच हंगामात पांढऱ्या मक्याच्या कणसात मधूनमधून पिवळे दाणे दिसतात. आंब्याचे तसे होत नाही. हापूसच्या फुलावर रायवळाचा पराग पडला म्हणून त्या वर्षीचा हापूस रायवळ होत नाही, कारण आपण खातो तो आंब्याचा गर आईच्या अंगाचा असतो. मक्याच्या दाण्यात मात्र आपण पुष्क पाहतो आणि पुष्कात बापाचा वाटा असतो. म्हणून बापाचा रंग त्याच वर्षी दाण्यावर उतरतो. हे कोडे शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून दिसत होते. त्याचा उलगडा द्विफलनाचा शोध लागल्यावर झाला.

या विद्येत आपल्या देशानेही मोलाची भर घातली आहे. दिल्ली विद्यापीठातील पंचानन माहेश्वरी यांचा वनस्पतींच्या गर्भविज्ञानावरील ग्रंथ १९५० साली निघाला आणि जगभरच्या विद्यापीठांत तो अभ्यासला गेला. त्यांच्या प्रयोगशाळेत १९६२ साली अफूच्या फुलातील बीजांडे काढून परीक्षानळीत ठेवली, तेथेच त्यांवर पराग टाकला, आणि फलन होऊन बी तयार झाले. माणसाच्या बाबतीत परीक्षानळीतले पहिले मूल जन्मले ते १९७८ साली इंग्लंडमध्ये. फुलाच्या बाबतीत दिल्लीने सोळा वर्षे आधीच हे काम केले होते.

या ज्ञानाचा उपयोग आपल्या शेतात केव्हा आला? बाजरीच्या बाबतीत १९६५ साली. अमेरिकेत जॉर्जियातील टिफ्टन येथे बाजरीचा एक वाण मिळाला होता. त्याच्या कणसांना कुक्षी उत्तम येत, पण पराग निर्जीव असे. असे ताट आई म्हणून लावावे, शेजारी दुसऱ्या वाणाच्या ओळी बाप म्हणून लावाव्या, आणि वाऱ्याने लग्न लावून द्यावे. आईच्या कणसात येणारा प्रत्येक दाणा संकरितच. लुधियाना येथे या मार्गाने तयार झालेली एच.बी. १ ही आपल्या देशातली पहिली संकरित बाजरी. मात्र संकरित बाजरीचे दाणे पुढच्या वर्षी पेरले तर पीक सारखे येत नाही. त्या शेतात पुन्हा फलन होते आणि आई-बापांचे गुण वेगवेगळ्या वाटणीने बाहेर पडतात. दरवर्षी नवे बी विकत घ्यावे लागते ते यामुळे. याला केवळ कंपन्यांची युक्ती समजून चालणार नाही. मूळ कारण फुलात आहे.

येथे दौंडकडचे एखादे बागाईतदार म्हणतील, 'आमच्या उसाला फूल लागत नाही आणि आमच्या अंजिराला मधमाशी लागत नाही. हे पुराण आम्हाला कशाला?' प्रश्न रास्त आहे, म्हणून दोन्हींकडे पाहू.

खोरच्या मळ्यांतला अंजीर म्हणजे फळ नव्हेच; ती फुलांनी आतून भरलेली पिशवी आहे. उंबराचे तसेच. 'उंबराचे फूल' म्हणजे कधी दृष्टीस न पडणारी वस्तू असे आपण म्हणतो, पण उंबर फोडले की शेकडो फुले आतच असतात आणि त्यांच्याबरोबर केंबरेही असतात. ही केंबरे म्हणजे उंबराचे मध्यस्थ. मादी केंबरू तोंडाच्या चिंचोळ्या छिद्रातून आत शिरते, शिरताना तिचे पंख झडतात. ती आतल्या मादीफुलांवर पराग टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. पुढे तिची पिल्ले वाढेपर्यंत त्याच उंबरातली नरफुले पक्व होतात, आणि नव्या माद्या तो पराग घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात निघतात. खोरचा अंजीर मात्र अशा जातीचा आहे की त्याला केंबरू लागत नाही. फलनावाचूनच त्याचे फळ पोसते. म्हणूनच त्याच्या बिया आत पोकळ असतात आणि झाड वाढवायचे ते छाट कलमांनी. सर्व अंजीर असे नसतात. तुर्कस्तानातील स्मिर्ना जातीचे अंजीर कॅलिफोर्नियात नेऊन लावले, तेव्हा झाडे वाढली, फळे धरली आणि वर्षानुवर्षे गळून पडली. १८९९ साली त्यांची केंबरे तेथे नेऊन रुजवली, तेव्हा कोठे फळे टिकली.

उसाचे म्हणाल तर ऊस आपण कांडीने लावतो, तुरा आला की साखर उतरेल म्हणून काळजी करतो. उसाच्या तुऱ्यात बी असते आणि ते रुजते, हे जावा आणि बार्बाडोस येथे १८८८ सालाच्या सुमारास कळले. त्यानंतरच नव्या जाती काढणे शक्य झाले. आपल्याकडे १९१२ साली कोइमतूर येथे ऊस पैदास केंद्र निघाले, कारण तेथल्या हवेत उसाला चांगला तुरा येतो. को ८६०३२ हा ऊस दौंडच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. त्यातले 'को' म्हणजे कोइमतूर. आपल्या बांधावर कांडी येते ती फलनावाचून, परंतु त्या कांडीचे कूळ शोधीत गेले तर शेवटी एक तुरा आणि एक परागकण सापडतोच.

पिठले झाले, भाकरी झाली. आता राहिला कांदा, आणि माझे खरे गाऱ्हाणे त्याच्याशी निगडित आहे. आपण खातो तो कांदा म्हणजे पानांचे जाड झालेले बुडखे. त्यासाठी फुलाची गरज नाही. पण पुढच्या वर्षी कांदा लावायचा तर बी हवे. थंडीच्या सुरुवातीला निवडक कांदे लावतात, माघाच्या सुमारास दांडे वर येऊन त्यांवर पांढरे गोंडे फुलतात, आणि उन्हाळ्यात काळे बी हाती येते. त्या बियाण्याला भाव चढला की तोळ्याच्या हिशोबाने बोलणे सुरू होते.

एका गोंड्यात शेकडो फुले असतात आणि ती एकदम न उमलता दोन-तीन आठवडे उमलत राहतात. प्रत्येक फुलात तीन कप्पे आणि कप्प्यात दोन बीजांडे. म्हणजे फुलामागे जास्तीत जास्त सहा बिया. बाजरीत कुक्षी आधी आणि पराग मागून. कांद्यात याच्या उलट. फूल उमलते तेव्हा त्यातला पराग आधी झडतो. त्या वेळी स्त्रीकेसर इवलासा असतो. तो वाढून कुक्षी पराग घेण्यालायक होते तोपर्यंत त्या फुलाचा स्वतःचा पराग संपलेला असतो. पराग यावयाचा तो दुसऱ्या फुलावरून. वारा येथे फारसा कामाचा नाही, कारण हा पराग चिकट असतो. काम करते ती मधमाशी: सातेरी, फुलोरी, आग्या.

मधमाशी नाही तर गोंडा पांढराशुभ्र फुलेल, वाळेल, आणि चोळला तर हातात भुसा येईल. खताची, पाण्याची, कांद्याची कसूर काहीच नसेल. आणि नेमक्या याच दिवसांत आपण काय करतो? फुलकिडे आले, करपा दिसला, की पंप पाठीवर घेऊन सकाळी दहा वाजता फवारणीला निघतो, म्हणजे ज्या वेळी मधमाशांची वर्दळ ऐन भरात असते त्या वेळी. काही औषधे आंतरप्रवाही असतात. ती झाडाच्या अंगात भिनतात आणि फुलातल्या मधातही उतरतात. जिच्या पायांवर आपले बी येणार तिलाच आपण आपल्या हाताने मारतो, आणि मग दुकानदाराला विचारतो की गोंडे भरत नाहीत, कोणते टॉनिक मारू?

फुलोरा कांद्याचा तीन आठवड्यांचा, पण माशीला पोट बाराही महिने आहे. बांधावरच्या बाभळी तोडल्या, तणनाशकाने बांध बोडके केले, करडई गेली, चिंचा-करंजांना कुऱ्हाड लागली, तर माघात बोलावून ती येणार कोठून? आग्यामोहोळ दिसले की रात्री टेंभा लावून ते जाळायचे, हीही रीत सोडली पाहिजे. एक मोहोळ जाळून जो मध मिळतो त्याच्या कितीतरी पटीने बी आपण त्या ज्वाळेत टाकतो.

'माश्या मजुरांना चावतात' अशी तक्रार मी ऐकली आहे. चावतात, हे खरे. पण पेट्या रानाच्या कडेला, रहदारीपासून दूर ठेवल्या, सकाळ-संध्याकाळ कामे उरकली, तर सहसा त्रास होत नाही. हे शिकवणारी संस्था आपल्याच जिल्ह्यात आहे. खादी-ग्रामोद्योग आयोगाची मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यात १९६२ सालापासून काम करीत आहे. कांद्यावरच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आपल्या शेजारी राजगुरुनगरला आहे आणि तेथे तयार झालेल्या जातींना आपल्या भीमेचेच नाव दिलेले आहे. ज्ञान दूर नाही. आपण त्याच्या दारी गेलो पाहिजे.

मी चार गोष्टी सुचवतो. फवारणी करायचीच तर गोंडे उमलण्यापूर्वी करावी. फुलोऱ्यात टाळावी, आणि अगदी नाइलाज झाला तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी करावी. गावातल्या बीजोत्पादकांनी दिवस ठरवून एकत्र फवारावे, कारण माशीला गटनंबर कळत नाही. दोन वेगळ्या जातींचे बियाण्याचे प्लॉट शेजारी शेजारी घेऊ नयेत. प्रमाणित बियाण्याला पाचशे मीटर आणि पायाभूत बियाण्याला हजार मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे, तो माशीच्या उडण्यावरून केलेला आहे. आणि प्रत्येक बांधावर वर्षभर काही ना काही फुललेले राहील अशी चार झाडे ठेवावीत.

शाळांतील गुरुजनांना एक विनंती. येत्या माघात मुलांना कांद्याच्या रानात न्या. सारख्या वयाचे दोन गोंडे निवडा. एकाला, फुले उमलण्याआधी, पातळ मलमलीची पिशवी बांधा. दुसरा उघडा ठेवा. बी पिकले की दोन्ही गोंड्यांतली शंभर शंभर फुले मुलांना मोजायला लावा. शंभर फुलांना सहाशे बिया ही कमाल मर्यादा. उघड्या गोंड्यात किती आल्या आणि झाकलेल्यात किती, हे फळ्यावर लिहा. कामेरारिउसने सव्वातीनशे वर्षांपूर्वी जे केले तेच मुले करतील, आणि जो आकडा निघेल तो त्यांच्या वडिलांना माझ्या तासाभराच्या भाषणापेक्षा अधिक पटेल.

मेहनत आपली, जमीन आपली, पाणी महागाचे. एवढे सगळे करून जे शेवटचे काम उरते ते वाऱ्याने आणि माशीने करावयाचे असते, आणि ती दोघे मजुरी मागत नाहीत. त्यांच्या वाटेत उभे न राहणे एवढीच त्यांची मजुरी आहे. ती आपण देऊ, असा भरवसा बाळगून हे पुष्प येथेच पुरे करतो.